बावीस तासांच्या दिवसाचा मोह

परीक्षा महिन्यावर आली की कोणीतरी विद्यार्थी हा प्रश्न घेऊन येतोच. "सर, दर चार तासांनी वीस मिनिटं झोपलं तर भागतं का?" विचारणारा बहुधा वर्गातला कष्टाळू मुलगा असतो, नाहीतर घरचे सगळे आवरून मग अभ्यासाला बसणारी मुलगी. गणित त्यांनी आधीच करून ठेवलेले असते. सहा डुलक्या, दोन तास झोप, उरलेले २२ तास जागे. आठ तास झोपणाऱ्यापेक्षा दिवसाला सहा तास जास्त, म्हणजे वर्षाला २,१९० तास, म्हणजे जवळजवळ ९१ दिवस. अभ्यासक्रम आवाक्याबाहेर चालला म्हणून हवालदिल झालेल्या माणसाला कोणी तीन महिने देऊ करत असेल, तर तो हात पुढे करणारच.

या प्रश्नाला दोन ठरलेली उत्तरे मिळतात. मोठी माणसे म्हणतात, असले खूळ डोक्यातून काढ, रात्री वेळेवर झोप आणि पहाटे ऊठ. मित्र म्हणतात, करून तर बघ, पहिले दहा दिवस काढलेस की अंगवळणी पडते. मला दोन्ही पटत नाहीत. मोठ्यांनी प्रश्न नीट ऐकून घेतलेला नसतो, आणि मित्रांना आपण काय सुचवतो आहोत याची कल्पना नसते.

माझे म्हणणे असे की झोप कोणत्या वेळी घ्यायची आणि किती तुकड्यांत घ्यायची, हे बऱ्याच अंशी माणसाच्या हातात असते. एकूण किती घ्यायची, हे जवळजवळ अजिबात हातात नसते. 'झोपेचे वेगळे वेळापत्रक' या एकाच नावाखाली या दोन गोष्टींची सरमिसळ होते आणि विद्यार्थी फसतो तो इथेच. त्याला वाटते आपण झोपेची घडी बदलतो आहोत, आणि प्रत्यक्षात तो झोप कापत असतो. ही कापाकापी करण्याची पाळी त्याच्यावर का येते, याचे उत्तर मात्र त्याच्या एकट्याकडे मागून चालणार नाही. वर्ग, परीक्षा आणि वसतिगृहे चालवणाऱ्यांनाही ते द्यावे लागेल.

या कल्पनेला प्रतिष्ठा मिळाली ती बकमिन्स्टर फुलर या अमेरिकी रचनाकारामुळे. १९४३ साली 'टाइम' साप्ताहिकात त्याच्या झोपेविषयी मजकूर छापून आला होता. दर सहा तासांनी अर्धा तास डुलकी, दिवसाकाठी एकूण दोन तास झोप, आणि असे आपण दोन वर्षे काढल्याचे त्याने सांगितले. नंतर त्याने ते सोडले. कारण काय, तर कामातले सहकारी इतर माणसांसारखेच झोपत होते आणि त्यांच्याशी त्याचा मेळ बसेना. हा किस्सा आज पुरावा म्हणून सांगितला जातो. पण त्याच्या त्या दोन वर्षांत कोणी त्याची स्मरणशक्ती तपासली नव्हती, प्रतिसादाचा वेग मोजला नव्हता, न सांगता लागलेले डोळे टिपले नव्हते. सगळा आधार त्याच्या स्वतःच्या शब्दाचा. पुढे या वेळापत्रकांना नावे पडली. दर चार तासांनी २० मिनिटे झोपणारे 'उबरमॅन', रात्री तीन तास आणि दिवसभरात तीन डुलक्या घेणारे 'एव्हरीमॅन'. या यादीत लिओनार्दो दा विंचीचेही नाव हमखास घेतले जाते, पण तो असा झोपत असे याला त्याच्या काळातला आधार नाही. एडिसनचे म्हणाल तर चार तास झोप पुरते असे तो अभिमानाने सांगायचा. त्याच्या प्रयोगशाळेत झोपायला खाट होती आणि दिवसा डुलकी घेत पडलेल्या एडिसनची छायाचित्रेही आहेत. त्या डुलक्या त्याने हिशेबात धरल्या नव्हत्या, एवढेच.

थोरामोठ्यांच्या कथा बाजूला ठेवू आणि शरीराकडे वळू. झोप का येते याचे जे प्रारूप अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडले, त्यावर आजही झोपेचे बरेचसे संशोधन उभे आहे. त्यात दोन शक्ती एकाच वेळी काम करतात. एक म्हणजे झोपेचा दाब. जितका वेळ जागे राहाल तितका तो चढत जातो, आणि मेंदूत साठत जाणारे अॅडेनोसिन हे रसायन त्याचे एक महत्त्वाचे कारण. कॉफी प्यायल्यावर हा दाब उतरत नाही. कॅफिन फक्त अॅडेनोसिनची जागा अडवून बसते, त्यामुळे दाब जाणवत नाही. दुसरी शक्ती म्हणजे मेंदूतले घड्याळ. बाहेरच्या उजेडाची चाहूल लागू दिली नाही, तरी माणसात ते सरासरी २४ तास ११ मिनिटांची फेरी घालते, असे चार्ल्स झायस्लर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मोजून दाखवले. हे घड्याळ तुमच्या वेळापत्रकाला जुमानत नाही.

दर चार तासांच्या डुलक्यांचे गाडे अडते ते या घड्याळापाशी. इस्रायलमधले संशोधक पेरेत्झ लाव्ही यांनी १९८० च्या दशकात एक विलक्षण प्रयोग केला. माणसांना दिवसरात्र दर २० मिनिटांतली ७ मिनिटे झोपायला दिली आणि उरलेली १३ मिनिटे जागे ठेवले. मग कोणत्या वेळी डोळा लागतो आणि कोणत्या वेळी लागत नाही, ते पाहिले. रोजच्या झोपण्याच्या वेळेआधीचे काही तास असे निघाले की माणसे झोपेला आसुसलेली असूनही त्यांना झोप लागेना. घड्याळ त्या वेळी जागे राहण्याचा जोर सर्वात जास्त लावत असते. म्हणजे संध्याकाळी आठच्या डुलकीला विद्यार्थी डोळे मिटून २० मिनिटे नुसता पडून राहणार, आणि पहाटे चारच्या डुलकीनंतर गजर वाजून वाजून थकला तरी त्याला ऐकू येणार नाही. यात आळसाचा किंवा निश्चयाचा काही संबंध नाही.

या वेळापत्रकांचे पुरस्कर्ते यावर एक युक्तिवाद करतात. झोपेची खरी गरज म्हणजे रेम, बंद पापण्यांआड बुबुळे भराभर फिरतात ती स्वप्नांची झोप. डुलक्यांची सवय झाली की मेंदू थेट त्या झोपेत शिरायला शिकतो, आणि बाकीची झोप फुकट जाणारा वेळ असतो, असे ते सांगतात. ऐकायला हे शास्त्रशुद्ध वाटते. पण रात्रभराच्या झोपेत साधारण दीड-दीड तासाची आवर्तने असतात. पहिल्या आवर्तनांत गाढ झोपेचा वाटा मोठा, पहाटेकडच्या आवर्तनांत रेमचा. झोपेला मुकलेल्या माणसाला झोपू दिले की त्याचे शरीर सर्वात आधी वसूल करते ती गाढ झोप. पुरस्कर्ते जिला फुकट म्हणतात तिच्याकडेच शरीर पहिली धाव घेते. वाढीचे संप्रेरक मुख्यतः तिच्यातच स्रवते, आणि दिवसा शिकलेले पक्के होण्यातही तिचा मोठा हात असतो. विशीच्या आतबाहेरच्या मुलाने ही झोप टाकून द्यावी असे सांगणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

आठवडाभर असे काढलेल्या मुलाची वही पाहावी. मी अशा वह्या पाहिल्या आहेत. रात्री अकराची टिपणे नेटकी असतात, समास सोडलेला, मथळ्याखाली रेघ. दीडनंतर अक्षर मोठे होत जाते. तीननंतरच्या पानावर ओळ डावीकडून सरळ निघते आणि अर्ध्यावर आल्यावर खाली घसरते. एका पानावर 'विभवांतर' हा शब्द लिहिता लिहिता शेवटच्या अक्षराची शेपटी थेट पानाच्या कडेपर्यंत ओढली गेली होती. त्याच्याखाली स्पष्ट अक्षरात तीन शब्द होते, 'दार लावून घे'. भौतिकशास्त्राशी त्यांचा काही संबंध नव्हता. ते आपण कधी लिहिले हे त्या मुलाला आठवत नव्हते, आणि त्या रात्री आपण एकदाही झोपलो नाही असे तो ठामपणे सांगत होता. तो खोटे बोलत नव्हता. मेंदू दोन-चार सेकंदांसाठी झोपेत जाऊन परत येतो, कधी कधी डोळे उघडे असताना, आणि त्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. टेबलाशी बसलेल्याची यात एक ओळ वाया जाते. ताशी ६० किलोमीटर वेगाने दुचाकीवर असेल तर तीन सेकंदांत तो ५० मीटर पुढे गेलेला असतो.

'मला तर काही होत नाही' हे वाक्य मला या सगळ्या प्रकारात सर्वात धोकादायक वाटते. ते का, हे २००३ च्या एका प्रयोगातून कळते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात हान्स व्हॅन डॉन्गेन, डेव्हिड डिंजेस आणि सहकाऱ्यांनी ४८ निरोगी माणसांवर तो केला. कोणाला रोज ८ तास, कोणाला ६, कोणाला ४ तास झोपू दिले, आणि हे सलग १४ दिवस चालले. शिवाय एका गटाला तीन रात्री अजिबात झोपू दिले नाही. त्यांना दिवसातून अनेकदा एक अगदी साधी चाचणी द्यावी लागे. पडद्यावर आकडा उमटला की बटण दाबायचे. अर्ध्या सेकंदाहून उशीर झाला की ती चूक. सहा आणि चार तासांच्या गटांच्या चुका दिवसागणिक वाढत गेल्या, कुठे थांबल्या नाहीत. सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांची घसरण दोन आठवड्यांत सबंध रात्र, काहींच्या बाबतीत सलग दोन रात्री, जागून काढल्याइतकी झाली. त्याच माणसांना 'किती झोप येते आहे' असे विचारल्यावर मात्र पहिल्या काही दिवसांनंतर उत्तर फारसे बदललेच नाही. कामगिरी कोसळत होती आणि त्यांना आपण रुळलो आहोत असे वाटत होते.

म्हणजे 'दहा दिवसांत अंगवळणी पडते' हे मित्राचे म्हणणे एका अर्थी बरोबर आहे. झोप येण्याची जाणीव बोथट होते. झोपेची गरज तशीच राहते. ज्या मेंदूने निवाडा द्यायचा, तोच अपुऱ्या झोपेने मंदावलेला असतो. म्हणून अशा प्रयोगाच्या यशाची स्वतः दिलेली साक्ष, मग ती फुलरची असो की शेजारच्या खोलीतल्या मुलाची, मी पुरावा म्हणून स्वीकारत नाही.

रँडी गार्डनरचे उदाहरणही असेच अर्धवट सांगितले जाते. अमेरिकेतल्या सॅन डिएगोचा हा १७ वर्षांचा शाळकरी मुलगा. १९६३ च्या अखेरीस विज्ञान प्रदर्शनासाठी म्हणून तो २६४ तास, म्हणजे ११ दिवस, जागा राहिला. शेवटी तो खेळात जिंकत होता, पत्रकारांशी नीट बोलत होता, हे हौसेने सांगितले जाते. त्याला अखेरच्या दिवशी १०० मधून ७ वजा करत जायला सांगितले होते. ९३, ८६, ७९, ७२, ६५ असे करत तो थांबला. का थांबलास असे विचारल्यावर म्हणाला, आपण काय करत होतो तेच आठवत नाही. परीक्षेला बसणाऱ्यासाठी यातला कोणता भाग महत्त्वाचा, हे वेगळे सांगायला नको.

तुकड्यातुकड्यांच्या झोपेचा खरोखर उपयोग होतो अशी जागा आहे, आणि ती लपवण्याचे कारण नाही. क्लॉडिओ स्टॅम्पी या संशोधकाने एकट्याने महासागर पार करणाऱ्या शिडांच्या होड्यांच्या शर्यतींतील खलाशांचा अभ्यास केला. तिथे सलग झोपलात तर जहाजाशी टक्कर होऊ शकते, त्यामुळे थोड्या थोड्या वेळाने उठावेच लागते. इतकी कमी झोप घ्यावीच लागणार असेल, तर ती छोट्या डुलक्यांत विभागून घेणे बरे, असे त्याला दिसले. पण ती तडजोड आहे, संकटाच्या काही दिवसांपुरती, जिथे दुसरा मार्गच नाही. अभ्यासाची तीन-चार वर्षे म्हणजे समुद्रातले वादळ नव्हे. आणि कोणाला ती तशी वाटत असतील, तर ती तशी कोणी केली, हे विचारायला हवे. २०२१ मध्ये अमेरिकेतील नॅशनल स्लीप फाउंडेशनच्या तज्ज्ञगटाने या विषयावरचे उपलब्ध संशोधन तपासले. अशा बहुखंडी वेळापत्रकांचा फायदा दाखवणारा पुरावा त्यांना सापडला नाही. आरोग्य, मनःस्थिती आणि कामगिरी यांवर वाईट परिणाम मात्र दिसले.

इथपर्यंत वाचून मोठी माणसे मान डोलावतील. त्यांना मी इतक्या लवकर सोडणार नाही, कारण 'रात्री दहाला झोप, पहाटे चारला ऊठ' हा सल्लाही पुष्कळदा झोप कापण्याचाच असतो. सहा तास. वर तो शिस्तीच्या नावाने दिलेला असल्यामुळे त्याला कोणी हरकत घेत नाही.

झोपेची वेळ खरोखर हलू शकते. १९३८ च्या उन्हाळ्यात शिकागो विद्यापीठातले नॅथॅनियल क्लाइटमन आणि त्यांचा विद्यार्थी ब्रूस रिचर्डसन केंटकीमधल्या मॅमथ केव्ह या गुहेत ३२ दिवस राहिले. तिथे उजेड नाही, तापमान सतत १२ अंशांच्या आसपास. त्यांनी २८ तासांचा दिवस जगायचे ठरवले होते. असे सहा दिवस धरले की नेमका एक आठवडा होतो, १६८ तास. रिचर्डसनच्या शरीराचे तापमान नव्या दिवसाप्रमाणे चढू-उतरू लागले, क्लाइटमन यांचे २४ तासांनाच चिकटून राहिले. दोघेही आपल्या कृत्रिम रात्रीत नऊ तास अंथरुणावर घालवत होते. वेळ हलवली होती, वाटा कमी केला नव्हता. सबंध विषयातला हा प्रयोग मला सर्वात मोलाचा वाटतो. तेच घड्याळ दोन माणसांत वेगळे वागते हे त्यातून दिसले, आणि अपवादात्मक प्रयोग करतानाही झोपेच्या बेरजेला हात लावायचा नसतो हेही.

झोपेचे दोन भाग पाडण्याबाबतही तसेच. इतिहासकार रॉजर एकर्च यांनी औद्योगिक काळापूर्वीच्या युरोपातील नोंदी गोळा करून दाखवले की लोक 'पहिली झोप' आणि 'दुसरी झोप' असे सहज बोलत, मधल्या जागेपणी गप्पा मारत, प्रार्थना करत. थॉमस वेअर यांनी १९९० च्या सुमारास माणसांना महिनाभर रोज १४ तास अंधारात ठेवले, तर त्यांचीही झोप दोन भागांत विभागली गेली. पण बेरीज? सुरुवातीच्या रात्री ते साचलेली उधारी फेडल्यासारखे कितीतरी जास्त झोपले आणि मग आठ तासांच्या आसपास स्थिरावले. उलट २०१५ मध्ये टांझानिया, नामिबिया आणि बोलिव्हियातल्या, विजेशिवाय जगणाऱ्या समाजांच्या झोपेची मोजणी झाली तेव्हा ते लोक रात्री बहुधा सलगच झोपतात असे दिसले. सलग झोपणे हेच नैसर्गिक, किंवा तुकड्यांत झोपणे हेच नैसर्गिक, असा हट्ट धरायला दोन्ही बाजूंना आधार नाही. रात्री साडेपाच-सहा तास आणि दुपारी दीड तास झोपून एखाद्याची बेरीज भरत असेल आणि त्याला ताजेतवाने वाटत असेल, तर त्याच्यावर डोळे वटारण्याचे मला कारण दिसत नाही.

आता 'लवकर निजे, लवकर उठे' वाल्यांना आणखी एक सांगायचे आहे. वयात येताना मेंदूतले घड्याळ पुढे सरकते. मेरी कार्स्केडन यांनी हे अनेक वर्षांच्या कामातून दाखवले. टिल रोनबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हजारो माणसांच्या झोपेच्या वेळा तपासल्या, तेव्हा उशिरा झोपण्या-उठण्याचा कल विसाव्या वर्षाच्या आसपास सर्वात जास्त असतो आणि पुढे पुन्हा ओसरतो, असे आढळले. म्हणजे आपण ज्याला बेशिस्त म्हणतो, ते त्या वयाचे शरीर असते. १३ ते १८ वयाच्या मुलांना ८ ते १० तास आणि मोठ्यांना किमान ७ तास झोप हवी, असे झोपेचे वैद्यक सांगते. साडेबाराला ज्याला झोप लागते त्याला साडेपाचला उठवल्यावर त्याच्या वाट्याला पाच तास येतात. कापले जातात ते शेवटचे तास, म्हणजे पहाटेची रेम झोप. मग तो मुलगा दर चार तासांच्या डुलक्यांचा विचार करू लागला, तर नवल कसले? त्याची झोप आधीच मोडलेली आहे, तो फक्त तिचे तुकडे कामाला लावू पाहतो आहे.

अभ्यासाचा थेट हिशेबही मांडायला हवा, कारण हे सगळे त्यासाठीच चाललेले असते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये रसायनशास्त्राच्या एका वर्गातल्या विद्यार्थ्यांच्या मनगटावर सत्रभर झोप नोंदणारी पट्टी बांधली होती. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जास्त आणि नियमित झोपणाऱ्यांचे गुण चांगले होते. गंमत अशी की परीक्षेच्या आदल्या एका रात्रीच्या झोपेचा गुणांशी संबंध दिसला नाही. दिसला तो आधीच्या आठवड्यातल्या आणि महिन्यातल्या झोपेचा, ज्या दिवसांत तो धडा शिकला जात होता. हार्वर्डच्या ६१ विद्यार्थ्यांची महिनाभर नोंद ठेवलेल्या २०१७ च्या अभ्यासात अनियमित झोपणाऱ्यांचे गुण कमी होते आणि त्यांचे घड्याळ उशिराकडे सरकलेले होते. एकूण झोपेचे तास दोन्ही गटांत सारखेच होते. अशा अभ्यासांतून कार्यकारण सिद्ध होत नाही, संबंध कळतो. तरी वेळ बदलू इच्छिणाऱ्याने एवढे तरी घ्यावे की झोप एकदा हलवली की तिथेच ठेवायची. आज दोनला, उद्या दहाला, शनिवारी पहाटे पाचला असे करून काही हाती लागत नाही.

त्यामुळे तो प्रश्न घेऊन येणाऱ्याला मी आता असे सांगतो. वेळ बदलून बघायची असेल तर सुट्टीत बघ, परीक्षेच्या तोंडावर नको. रात्र आणि दुपार मिळून आठ तास भरतात का, ते कागदावर लिहीत जा. दुपारची डुलकी २०-२५ मिनिटांची असू दे. त्याहून लांबली तर गाढ झोपेतून उठावे लागते आणि पुढचा अर्धा तास डोके जड राहते. ते टाळायचे तर सरळ दीड तास झोप. वैमानिकांना विमानात आळीपाळीने थोडा वेळ झोपू दिले तेव्हा सरासरी २६ मिनिटांच्या झोपेने त्यांची सावधता लक्षणीय वाढली, असे नासाच्या अभ्यासात दिसले होते, तेव्हा डुलकी ही चांगलीच गोष्ट आहे. फक्त ती रात्रीच्या झोपेच्या जोडीला हवी. त्या दिवसांत गाडी चालवू नकोस. आणि जमते आहे की नाही हे स्वतः ठरवू नकोस, खोलीतल्या जोडीदाराला ठरवू दे. तुझी चिडचिड, तुझे विसरणे, भर वर्गात तुझे डोळे मिटणे त्याला तुझ्याआधी दिसेल.

एवढे सांगून माझे काम संपत नाही, कारण झोपेचे आठ तास भरण्याची जागा त्याच्या दिवसात शिल्लकच नसेल तर हा उपदेश कोरडा ठरतो. सिॲटलमधल्या सरकारी माध्यमिक शाळांनी २०१६ मध्ये सुरू होण्याची वेळ ७:५० वरून ८:४५ वर नेली. मुले त्या वेळेचा गैरफायदा घेऊन तेवढी उशिरा झोपतील, ही तेव्हाची ठरलेली शंका. मनगटी यंत्रांनी मोजले तेव्हा मुलांची रोजची झोप ३४ मिनिटांनी वाढलेली निघाली. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला आणि तो २०२२ मध्ये लागू झाला. उच्च माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी सुरू करायची नाही. पालकांच्या कामाच्या वेळा, बसच्या फेऱ्या, संध्याकाळचे खेळ, या सगळ्या अडचणी तिथेही होत्या आणि त्या खऱ्या आहेत. पण अडचण खरी आहे म्हणून तिची किंमत दरवेळी त्या घरातल्या सर्वात तरुण माणसाच्या झोपेतूनच का वसूल करायची?

पुढे नोकरीत कोण उशिरा येऊ देणार आहे, आतापासूनच सवय झालेली बरी, असेही म्हटले जाते. पंचविशी-तिशीकडे जाताना घड्याळ आपोआप पुन्हा अलीकडे सरकते, हे वर आलेच आहे. जे शरीर आज तयार नाही त्याला आजच ती सवय लावण्याने उद्याची तयारी होत नाही, आजचा अभ्यास मात्र बुडतो.

मोठे कायदे व्हायला वेळ लागेल. महाविद्यालयाच्या पातळीवर काही गोष्टी पुढच्याच सत्रापासून करता येतील, आणि त्यांना पैसे लागत नाहीत. सकाळच्या पहिल्या तासाला सर्वात कठीण विषय ठेवू नये. रात्र जागून काम संपवणाऱ्याचे वर्गासमोर कौतुक करणे थांबवावे, कारण ते ऐकणाऱ्या प्रत्येकाला त्यातून काय अपेक्षित आहे ते कळते. एकाच आठवड्यात चार विषयांचे प्रकल्प जमा करायला लावण्याआधी त्या चार शिक्षकांनी दहा मिनिटे एकत्र बसावे. आणि ऑनलाइन जमा करण्याची शेवटची मुदत रात्री ११:५९ अशी देण्याची जी पद्धत सगळीकडे रूढ झाली आहे, ती बदलून संध्याकाळी सहा करावी. अकरा एकोणसाठची मुदत देणारा शिक्षक त्या वेळी झोपलेला असतो आणि जमा झालेले काम तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उघडतही नाही. ते सहा तास त्याच्या काहीच उपयोगाचे नसतात. विद्यार्थ्यासाठी तेवढीच एक अखंड रात्र असते.